संशोधनाच्या तिजोरीत आमचा वाटा किती?

आरक्षणासाठी आपण मोर्चे काढतो, शिष्यवृत्तीसाठी उपोषणाला बसतो, नोकरीतील अनुशेषासाठी न्यायालयाची पायरी चढतो. ते केलेच पाहिजे. परंतु विद्यापीठांतील वैज्ञानिक संशोधनासाठी सरकारी तिजोरीतून जो पैसा जातो, तो कोणाकडे जातो याचा हिशेब आपल्या बैठकांत क्वचितच मागितला जातो. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या अनुदानापैकी सुमारे ६५ टक्के रक्कम आयआयटींकडे गेली आणि तीनशेहून अधिक राज्य विद्यापीठांच्या वाट्याला सुमारे ११ टक्के आली, हे २०२३ साली केंद्राच्या विज्ञान खात्याकडूनच पुढे आले. आपली बहुसंख्य मुले कोठे शिकतात? मराठवाड्यातील, विदर्भातील, खानदेशातील राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत. म्हणजे जेथे बहुजनांची मुले आहेत, तेथे पैसा नाही!

संशोधन अनुदान कसे चालते हे आधी समजून घेऊ. प्राध्यापक प्रकल्पाचा प्रस्ताव पाठवतो. तज्ज्ञांची समिती तो तपासते. मंजूर झाला तर विद्यापीठाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने पैसा येतो. त्यातून उपकरणे येतात, रसायने येतात, प्रकल्पावरील संशोधक विद्यार्थ्याचे मानधन निघते. एका प्राध्यापकाला प्रकल्प मिळाला की त्याच्या हाताखाली एक-दोन मुलांची पीएच.डी. उभी राहते. शोधनिबंध प्रसिद्ध होतात, त्यांच्या बळावर पुढचा प्रकल्प, बढती आणि निवड समितीवरची खुर्ची मिळते. ज्याला पहिला प्रकल्प मिळाला नाही, त्याला दुसरा मिळणे कठीण.

पैशाअभावी संशोधन कसे थांबते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील संशोधन अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. नोकरी करून, पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. बुद्धी तीच होती, थांबला होता तो पैसा. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीची तरतूद मिळवली, ती या अनुभवातूनच.

आज या पैशाची किल्ली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आहे. २०२३ च्या कायद्याने जुने मंडळ जाऊन हे प्रतिष्ठान आले आणि पंतप्रधान त्याच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनाला मिळतील असे जाहीर झाले. त्यापैकी सुमारे ३६ हजार कोटी उद्योग आणि देणग्या अशा खासगी मार्गाने यावयाचे आहेत. राज्य विद्यापीठांना पुढे आणणे हाही एक हेतू सांगितला गेला. हेतू चांगला आहे; प्रश्न दरवाजाचा आहे.

त्या दरवाजावर कायम नोकरीचे कुलूप आहे. या प्रतिष्ठानने अनुसूचित जाती-जमातींच्या शास्त्रज्ञांसाठी वेगळी योजना केली आहे. तीत तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत अनुदान मिळते. ऐकायला बरे वाटते. पण अर्जदार मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर असला पाहिजे ही अट आहे. आता महाराष्ट्रातील विद्यापीठांकडे पाहा. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची, बिंदुनामावलीचा घोळ घालायचा, जाहिरात काढून 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारायचा आणि शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावरील व कंत्राटी माणसाकडून करून घ्यायचे. पीएच.डी. झालेला आमचा मुलगा दहा वर्षे तासिकेवर शिकवत असेल, तर राखीव योजनाही त्याच्या उपयोगाची नाही. राखीव जागा न भरून त्याची नोकरी गेली आणि नोकरी नाही म्हणून संशोधनही गेले. एकाच अन्यायाची ही दुहेरी शिक्षा आहे.

कायद्याने केलेली तटबंदीही पाहू. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील अध्यापक पदांच्या आरक्षणासाठी २०१९ साली कायदा झाला. त्याच कायद्याच्या कलम ४ ने काही निवडक संशोधन संस्थांना आरक्षणातून वगळले आणि त्यांची यादी परिशिष्टात दिली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र या यादीत आहेत. जेथे विज्ञानावर भरपूर पैसा खर्च होतो, नेमके तेथेच आरक्षण नको! राज्यघटनेचे कलम ४६ दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितासाठी विशेष काळजी घ्या असे सांगते. संशोधन हे शिक्षणातून वगळा, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

यावर 'विज्ञानात फक्त गुणवत्ता चालते' हे ठरलेले उत्तर येते. मग आकडे पाहा. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तरुण शास्त्रज्ञांसाठीच्या इन्स्पायर फॅकल्टी अधिछात्रवृत्तीत २०१६ ते २०२० या काळात सुमारे ८० टक्के लाभार्थी वरच्या जातींचे होते. अनुसूचित जातींचे सुमारे ६ टक्के आणि जमातींचे एक टक्क्याहून कमी. २०११ च्या जनगणनेत आपण १६.६ टक्के आणि आदिवासी बांधव ८.६ टक्के आहेत. तज्ज्ञ समिती अर्जदाराचे जुने काम, त्याची प्रयोगशाळा आणि संस्थेचे नाव पाहते. या तिन्ही गोष्टी आधीच्या अनुदानातून तयार होतात. ज्याला प्रयोगशाळाच दिली नाही, त्याला अनुभव नाही म्हणून नाकारणे ही गुणवत्तेची परीक्षा कशी होईल?

हा केवळ नोकऱ्यांचा प्रश्न नाही. संशोधन कशावर व्हावे हे पैसा देणारा आणि प्रकल्प मागणारा ठरवतो. सिकलसेल हा आजार विदर्भातील आदिवासींमध्ये आणि आपल्या वस्त्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. गटारात उतरणारा माणूस विषारी वायूने मरतो, खडी फोडणाऱ्याची फुप्फुसे धुळीने निकामी होतात. हे विज्ञानाचे प्रश्न आहेत. त्यात नफा नसेल तर उद्योगपती त्यावर पैसा लावेल काय? आणि ज्याने ही वस्ती पाहिलेली नाही, तो त्यावर प्रस्ताव लिहील काय?

आपल्या संशोधक मुलांना साधी अधिछात्रवृत्तीही झगडल्याशिवाय मिळत नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधकांना आपल्या हक्कासाठी आझाद मैदानावर बसावे लागले. ज्यांनी ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत बसायचे, ते मैदानात!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रतिष्ठानने दरवर्षी प्रवर्गनिहाय आणि संस्थानिहाय अनुदानाचा तक्ता प्रसिद्ध करावा. विद्यापीठांतील रिक्त पदे बिंदुनामावलीप्रमाणे भरावीत. ती भरेपर्यंत पीएच.डी.धारक तासिका व कंत्राटी अध्यापकांना विद्यापीठाच्या हमीवर प्रकल्प मागू द्यावा. पहिल्या अनुदानासाठी संस्थेचे नाव न पाहता प्रस्ताव पाहावा. अधिछात्रवृत्ती दरमहा जमा व्हावी.

मागण्या लिहून भागणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे विद्यापीठाने बरीचशी माहिती स्वतःहून द्यावयाची असते. ती नसेल तर अर्ज करा. व्यक्तींची नावे मागू नका, नाहीतर खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळतील. प्रवर्गनिहाय आकडे मागा. पाच वर्षांत किती प्रकल्प आले, किती प्रमुख संशोधक अनुसूचित जाती-जमातींचे, किती पदे रिक्त, एवढे चार ओळींचे प्रश्न पुरेत. अधिसभेत आपली माणसे निवडून गेली आहेत. अर्थसंकल्पाच्या बैठकीत त्यांनी हे आकडे टेबलावर ठेवावेत.

१९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून हा समाज लढला. माणसे मेली, घरे जळाली, तेव्हा ते नाव लागले. त्या नावाच्या विद्यापीठात आणि राज्यातील प्रत्येक विद्यापीठात आपली मुले प्रमुख संशोधक म्हणून उभी राहिली पाहिजेत. येत्या अधिसभेपूर्वी प्रत्येक जिल्ह्यातून निदान एक माहिती अर्ज गेला पाहिजे. कामाला लागा.