विश्लेषण : साल्हेर जागतिक यादीत, पायथ्याची माणसं मजुरीच्या गाडीत

सटाणा : गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला वाघांब्यात पोचलो. गावात दोन गाड्या उभ्या होत्या. एक नाशिककडची, तिच्यातून ट्रेकवाली पोरं उतरत होती. पाठीवर सॅक, हातात काठ्या, एकाच्या गळ्यात कॅमेरा. दुसरी पिकअप. तिच्यात बोचकी, पातेली, टोपलीखाली झाकलेली एक कोंबडी आणि लेकराबाळांसकट दहा-बारा माणसं. दिवाळी झाली, नागली घरात आली, आता ही मंडळी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला निघालेली. पिकअप खाली गेली आणि ट्रेकवाले वर निघाले. तेव्हाच वाटलं, बातमी हीच आहे.

11 जुलै 2025 ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले 11 आपल्या राज्यातले, एक तामिळनाडूतला जिंजी. यादीत रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड आहेत आणि आपला साल्हेरही आहे. सटाण्यात फटाके वाजले, स्टेटस लागले, मीपण लावला. आता फटाक्यांचा धूर खाली बसलाय तर जरा शांतपणे बोलू.

साल्हेर म्हणजे काय हे बागलाणच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण बरेच जण खालूनच बघतात म्हणून सांगतो. उंची 1567 मीटर, म्हणजे पाच हजार फुटांच्या वर. किल्ला म्हणून राज्यात सगळ्यात उंच, आणि शिखर म्हणून कळसूबाईनंतर (1646 मीटर) दुसरा. वाघांब्यातून निघालं की आधी साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड लागते. चालणाऱ्याच्या पायावर आहे, पण दीड-दोन तास धरा. खिंडीतून एका हाताला सालोटा, दुसऱ्या हाताला साल्हेर. तिथून पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे, मग कड्याच्या पोटातून गेलेली आडवी वाट. त्यानंतर एकदम मोकळं पठार, गंगासागर तलाव, गुहा, आणि शेवटच्या टेकाडावर परशुरामाचं मंदिर. परशुरामानं इथूनच बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण काढलं, असं आपली म्हातारी माणसं सांगतात. दुसरी वाट साल्हेरवाडीकडून आहे, तीही दरवाजांतूनच चढते.

त्या टोकावर उभं राहिलं की समजतं हा गड इथं का. पश्चिमेला डांगचं जंगल, म्हणजे गुजरात. पूर्वेला मुल्हेर, मोरा, हरगड ओळीनं, त्यापुढं मांगीतुंगीचे सुळके. दक्षिणेला हवा साफ असली तर सप्तशृंग आणि धोडपसुद्धा. सुरतेहून दख्खनेत येणारा माल या बागलाणातून जायचा. म्हणून मुल्हेरला बागुल राजे बसले, म्हणून 1638 मध्ये औरंगजेबानं हा मुलूख घेतला. महाराजांनी ऑक्टोबर 1670 मध्ये दुसऱ्यांदा सुरत मारली आणि जानेवारी 1671 मध्ये साल्हेर घेतला. मोगलांनी वेढा घातला तो मोडायला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर आले, आणि फेब्रुवारी 1672 मध्ये पायथ्याच्या मोकळ्या रानात समोरासमोर लढाई झाली. इखलासखान, बहलोलखानाच्या फौजेचा मोड झाला. सूर्यराव काकडे इथंच पडले. आपण एरवी गनिमी कावा गनिमी कावा करतो, पण ही उघड्या मैदानातली जीत होती. आज त्या रानात नागली आणि कुळीथ होतो.

सीमेवर असणं तेव्हा कमाईचं होतं. आता उलटं झालंय. 1960 साली डांग गुजरातकडं गेला. गुजरातनं सापुतारा उभा केला, तळ्यात होड्या सोडल्या, हॉटेलं बांधली. आपला नाशिकचा माणूस वणीवरून हातगडच्या पायथ्यानं गाडी हाकतो, हातगड किल्ल्याकडं खिडकीतून बघतो आणि थोडं पुढं जाऊन पैसे सापुताऱ्यात खर्च करतो. डिसेंबर 2022 मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला म्हणून मागणी केली होती, आठवत असेल. तेव्हा टीव्हीवर त्यांना वेडं ठरवायचा प्रयत्न झाला. पण रस्ता, दवाखाना, शाळा पलीकडं दिसत असेल आणि अलीकडं नसेल तर माणूस बोलणारच. साल्हेरच्या पट्ट्यात तसं कोणी म्हणत नाही, पण लोक पलीकडं बघतात, हे खरं.

गाडी आली म्हणजे पैसा आला नाही

पोरं विचारतात, भाऊ आता गडापर्यंत डांबरी होईल का, रोपवे होईल का? मी त्यांना उलटा हिशोब सांगतो. गाडीनं येणारा माणूस सकाळी नऊला येतो, दोनला परत जातो. डबा घरून आणतो, पाणी सटाण्यातून घेतो, गावात फार तर दहाचा चहा. मागं ठेवतो ती बाटली. रस्ता जितका गुळगुळीत तितका तो लवकर परत जातो.

आता मुक्कामाचं धरून चाला. दहा पोरांचा गट. रात्रीचं आणि सकाळचं जेवण दीडशे-दीडशे, नाष्टा पन्नास, पडवीत झोपायचे दोनशे. माणशी साडेपाचशे, म्हणजे साडेपाच हजार. वाट दाखवणाऱ्या पोराला हजार. साडेसहा हजार एका रात्रीत, आणि ते तीन-चार घरांत वाटले जातात. पिकअपमध्ये गेलेल्या नवरा-बायकोला एवढ्याच पैशासाठी आठवडाभर वाकून काम करावं लागतं, वर लेकराची शाळा बुडते ती वेगळी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आपल्याला गर्दी नको, मुक्काम पाहिजे. आणि मुक्काम करायचं कारण आपल्याकडं तयार आहे. साल्हेर-सालोटा एक दिवस. मुल्हेर एक दिवस, तिथं माचीवरचं सोमेश्वर, मोती तलाव, खाली गावात उद्धव महाराजांची समाधी. मोरा आणि हरगड तिसरा दिवस. एवढे गड एका रांगेत, पायी फिरता येतील असे, फार कमी ठिकाणी आहेत. हे तीन दिवस चालणारा माणूस आपला. सेल्फी काढून पळणारा आपला नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या लोकांच्या लक्षात येत नाही. त्यांची गर्दी होते पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला. तेव्हा आपल्याकडं आवणी असते, नागलीची लावणी असते, घरात चूल पेटवायला माणूस नसतो. त्यातच कातळ शेवाळलेला, पायऱ्यांवरून पाणी, धुक्यात आडवी वाट दिसत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेले व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. साल्हेरला तसं झालं तर काय होईल? चालायला खरा चांगला काळ दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. हवा थंड, वाट कोरडी, तलावात पाणी. नेमका तेव्हाच गाव रिकामा होतो. म्हणजे पाहुणे यायच्या दिवसांत जेवण घालणारी माणसं दिंडोरीत. हिवाळ्याचे शनिवार-रविवार जरी नक्की मिळाले तरी त्या पिकअपमधली निम्मी माणसं घरी राहतील, असं मला वाटतं. मार्चनंतर मात्र बोलावू नका कोणाला. तेव्हा गावच्या बायांनाच हंड्यासाठी लांब जावं लागतं, पाहुण्याला अंघोळीला कुठून देणार?

कळसूबाईच्या पायथ्याला बारी गाव आहे, अकोले तालुक्यात. तिथं घरोघरी जेवण मिळतं, मुक्काम मिळतो. तिथली माणसं काही आपल्यापेक्षा वेगळी नाहीत. फक्त आधी सुरुवात केली.

शंभर मीटरची भीती

व्हॉट्सअपवर एक मेसेज फिरतोय की आता गडापासून शंभर मीटर घर बांधता येणार नाही, दोनशे मीटरला परवानगी लागणार. अर्धवट आहे. तो नियम केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचा. 12 पैकी 8 किल्ले केंद्राकडं आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडं आहेत, त्यांना राज्याचा 1960 चा कायदा. पण म्हणून झोपून राहायचं कारण नाही. जागतिक वारसा म्हटलं की किल्ल्याभोवती मुख्य क्षेत्र आणि त्याबाहेर राखीव पट्टा आखलेला असतो. पन्हाळ्यावर तर माणसं राहतात, त्यांनी नामांकनाच्या वेळीच बंधनांच्या भीतीनं विरोध केला होता. आपल्याकडं गडावर वस्ती नाही, पण पायथ्याला आहे.

तेव्हा पहिली मागणी साधी आहे. तो नकाशा मराठीत, गट नंबर टाकून, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. कोणाच्या शेतात काय चालेल, पडवी वाढवायची तर कोणाला विचारायचं, हे लोकांना कळू द्या. अफवा आपोआप थांबेल.

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. बागलाणचा हा पश्चिम पट्टा पेसात येतो. पेसा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. आजूबाजूच्या जंगलाची राखण आणि व्यवस्थापन करायचा हक्क सामूहिक दाव्यातून ग्रामसभेला मिळतो. उद्या पार्किंगची पावती कोण फाडणार, उपद्रव शुल्क कोणाच्या खात्यात, वाटाड्या गावचा की बाहेरच्या कंपनीचा, हे ठरवायची वेळ आत्ता आहे. एकदा टेंडर निघालं की मग उपोषणाला बसावं लागतं. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, पण ते सातबारा असलेल्या शेतकऱ्याला सोपं. वरच्या पाड्यांवर वनपट्टे आहेत. त्यांनाही नोंदणी मिळाली पाहिजे, नाहीतर खालचे चार मोठे शेतकरी हॉटेल टाकतील (माझ्यासारखेच, लपवत नाही) आणि पाड्यावरचा माणूस तिथं ताटं धुवेल.

तिसरी, जीवाची. गडावर कोणाचा पाय मोडला तर आज काय होतं? गावची पोरं चादरीची झोळी करतात आणि आळीपाळीनं खाली आणतात. मी स्वतः एकदा खांदा दिलाय, खिंडीपर्यंत येताना अंधार पडला होता. त्या पोरांना कोणी एक हातमोजाही दिला नाही. एक स्ट्रेचर, दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि दहा पोरांना प्रशिक्षण, एवढ्याला कोटीचा निधी लागत नाही. कड्याला आग्या मोहोळं असतात, तिथं धूर-फटाके करू नका असा फलक लागतो. वर मोबाईलला धड रेंज नाही, म्हणून किती जण चढले आणि किती उतरले याची वही खाली पाहिजे.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेला साल्हेर, वाघांबे, मुल्हेर या गावांनी हे विषय अजेंड्यावर घ्यावेत. ठराव लेखी करा, पोच घ्या, फोटो आम्हाला पाठवा, आम्ही छापू.

त्या रविवारी दुपारी तीनला मी खाली उतरलो. नाशिकची पोरं अजून वरच होती, गुहेत मुक्काम करणार म्हणाली. पीठ, तेल, कांदे सगळं घरून आणलेलं. मला म्हणाली, गावात जेवण मिळतं हे माहीतच नव्हतं. वाघांब्यात सकाळचा पिकअपवाला परत येऊन झाडाखाली बसला होता. विचारलं, आता कुठं? म्हणाला, उद्या अजून एक खेप आहे.