आपली वाणी आणि आपली बालके

सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास आपल्या बुऱ्हाणपुरातील कोणत्याही गल्लीतून सहज चालत यावे. दारादारांतून जी वाक्ये कानी पडतात, ती सर्वांच्या परिचयाची आहेत. "ऊठ, लोळतोस काय गाढवासारखा!" "मेल्या, आज पुन्हा वही विसरलास?" "शेजारचा मुलगा बघ, नाहीतर तू!" ही वाक्ये उच्चारणाऱ्यांत कोणी दुष्ट नसतो. तीच माउली त्याच मुलाला ताप आला म्हणजे रात्रभर उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवते, आणि तेच वडील स्वतःचा जुना सदरा आणखी एक वर्ष वापरून मुलाला नवा गणवेष शिवतात. प्रेम जर इतके खरे आहे, तर वाणी इतकी कडू का असावी? या प्रश्नाचा विचार घरी आणि शाळेत, दोन्हीकडे व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

लहान मुलाला आरसा पुरेसा नसतो. आपण कोण आहोत, कसे आहोत, हे ते मोठ्यांच्या बोलण्यावरून ठरवीत असते. त्याला रोज 'वेंधळा' म्हटले तर वेंधळेपणा ही आपली चूक नसून आपले नावच आहे, अशी त्याची समजूत होते. आपल्या भाषेत मंदबुद्धीच्या विद्यार्थ्यास 'ढ' म्हणण्याची रीत आहे. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सारी अक्षरे बदलली, पण 'ढ' जवळजवळ तसाच राहिला, म्हणून हा शब्द पडला, असे गमतीने सांगतात. गंमत ठीक आहे. परंतु सात वर्षांच्या मुलास 'ढ' म्हणणे म्हणजे तू दोन हजार वर्षे बदलणार नाहीस, असा निकाल त्याच्या पाटीवर लिहून ठेवणे होय. असा निकाल देण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

हे आम्ही दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या हातूनही हा अपराध घडलेला आहे. एकदा वर्गात एका लहानग्याने मोठ्या उत्साहाने उत्तर देताना 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटले. आम्ही त्याची नक्कल केली आणि "जीभ घरी ठेवून आलास वाटते!" असे म्हणालो. वर्ग खदखदून हसला, आम्हीही हसलो. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे त्या मुलाचा हात उत्तरासाठी वर आला नाही. उच्चार दुरुस्त झाला नाहीच, मूल मात्र मुके झाले. त्याने सांगितलेले उत्तर बरोबर होते, ही गोष्ट त्या हशात कोणाच्याही ध्यानी आली नाही, आमच्याही नाही.

बुऱ्हाणपूरच्या शाळेत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तापीकाठचे हे आपले गाव अनेक भाषांचे गाव आहे. एका गल्लीत हिंदी, दुसरीत उर्दू, पलीकडे गुजराती, खेड्यांकडे निमाडी आणि खानदेशी. आमच्या वर्गात येणारे मूल घरची बोली घेऊनच येते, आणि ती त्याला आईच्या मांडीवर मिळालेली असते. तिला हसणे म्हणजे त्याच्या आईला हसणे होय. शिवाय येथे मराठीवाचून कोणाचे अडत नाही. बाजार हिंदीत चालतो, कचेरी हिंदीत चालते. मराठीत बोलताना ज्याची टर उडविली जाते ते मूल मुकाट्याने हिंदीकडे वळेल आणि पुन्हा मराठीकडे फिरकणार नाही. मराठी टिकावी म्हणून आपण सभा भरवितो, भाषणे करतो. परंतु ती टिकेल की नाही, हे पहिलीच्या वर्गात 'पानी' म्हणणाऱ्या मुलाशी आपण कसे बोलतो यावर अधिक अवलंबून आहे. "शाबास, उत्तर अगदी बरोबर! आपण 'पाणी' म्हणून पाहू या," एवढे वाक्य पुरते. त्यास वेळ अधिक लागत नाही, खर्च तर मुळीच नाही.

हा विचार नवा नाही. भावनगर येथे १९२० साली बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून बालशिक्षणाचे व्रत घेतले आणि मुलांना मारझोड व धाक यांवाचून शिकविता येते, हे दाखवून दिले. लोक त्यांना प्रेमाने 'मिशाळ आई' म्हणत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांचे बालपण आपल्याच मध्य प्रदेशातील इंदूर येथे गेले होते. १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापण्यात पुढाकार घेतला, आणि १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी बालकांसाठी कार्य केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच 'ही जातच आळशी' असा शेरा त्यांनी मारला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचे नाव आज देशभर गावोगावी पोहोचले आहे. मुलाने आपल्यापर्यंत यावे यासाठी आधी आपण मुलापर्यंत गेले पाहिजे, हा तिच्यामागील धडा मात्र आपण विसरत चाललो आहोत.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "गोड बोलून मुले शेफारतात. आम्ही मार खाल्ला, बोलणी खाल्ली, म्हणून तर माणसांत आलो!" पाच वर्षे लाड करावे, पुढली दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागताच मित्र मानावे, अशा अर्थाच्या जुन्या सुभाषिताचाही आधार दिला जातो. परंतु माणसांत आलेले लोक मारामुळे आले की माराला न जुमानता आले, हे कोणी तपासले आहे? आणि जे त्या माराने शाळा सोडून गेले ते साक्ष द्यायला आपल्यासमोर येतच नाहीत. आदराने बोलणे म्हणजे लाड करणेही नव्हे. 'नाही' हा शब्द ठामपणे उच्चारलाच पाहिजे. केवळ तो कृतीला लागावा, मुलाला लागू नये. "हे अक्षर नीट आले नाही, पुन्हा काढ," असे म्हणण्यात शिस्त आहे. "तुझ्या हातून काही होणार नाही," असे म्हणण्यात केवळ आपला संताप आहे.

स्तुतीचेही तसेच आहे. १९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक या संशोधिकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले गेले, ती पुढे अपयश येताच लवकर खचली. ज्यांच्या परिश्रमाची वाखाणणी झाली, ती अवघड प्रश्नांना अधिक धीराने भिडली. म्हणून पोकळ कौतुकाची नव्हे, तर श्रमाची नेमकी दखल घेणाऱ्या शब्दांची मुलांना गरज आहे. आता कायदाही हेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा छडी काढून घेऊ शकतो. जिभेवर गोडवा ठेवणे त्याच्या हाती नाही. ते काम आपले आहे.

आपल्या गावाबाहेरील कुंडी भंडारा बहुतेकांनी पाहिला असेल. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळी, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. थेंब थेंब झिरपलेल्या त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाव जगले. परंतु त्याच पाण्यातील चुन्याचा थर भिंतींवर साचत जाऊन वाट अरुंद होते, हेही तेथे पाहावयास मिळते. मुलाच्या मनाचे असेच आहे. आपला प्रत्येक शब्द तेथे झिरपतो. त्याने एक तर तहान भागते, नाहीतर थर साचतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख केवळ तुमच्या आईवडिलांसाठी आणि गुरुजनांसाठी आहे असे समजू नका. तुमच्या घरी कोणी धाकटे भावंड असेल; तुम्ही त्याचे दादा किंवा ताई आहात. आज संध्याकाळी ते आपली वेडीवाकडी अक्षरे काढलेली पाटी घेऊन तुमच्याजवळ येईल. त्या वेळी पहिला शब्द कोणता उच्चारायचा, हे तुम्हांलाच ठरवायचे आहे. तो विचार करून उच्चारा.