जक्कयाने काय ठरवले

वर्षाच्या शेवटच्या रात्री नगर-जालन्यापासून वसईपर्यंत चर्चमध्ये उपासना होतात, आणि घरी परतणारा ख्रिस्ती माणूसही इतरांसारखेच संकल्प करतो: वजन उतरवीन, पहाटे उठेन, रोज बायबल वाचेन. यात गैर काही नाही. पण अशा संकल्पात ठरवणारा मी, लाभ माझा आणि तो मोडला तर लाजही माझीच. शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे सांगणे याहून वेगळे आहे, आणि ते चर्चबाहेरच्यांच्याही कामी येईल असे मला वाटते. प्रेम आधी मिळते, संकल्प त्यातून उगवतो, आणि तो किती खरा हे दुसऱ्याच्या आयुष्यात काय बदलले यावरून कळते.

लूकच्या शुभवर्तमानातला यरीहोचा जक्कय याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तो मुख्य जकातदार; रोमन सत्तेसाठी कर वसूल करता करता गबर झालेला आणि म्हणून गावाच्या मनातून उतरलेला. गर्दीत येशू दिसेना म्हणून तो उंबरावर चढतो. येशू त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्याकडेच उतरायचे आहे, असे सांगतो. आधी हिशेब दे, आधी सुधार, अशी कोणतीही अट घालत नाही. लोक कुरकुरतात, आणि तेव्हा जक्कय उभा राहून जाहीर करतो: निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रानुसार, केलेला अन्याय आपणहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला तरी भागत होते. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला, कारण तो दंड भरत नव्हता. त्याला माणसांत परत घेतले गेले होते. शिवाय त्याने मी चांगला माणूस होईन असे मोघम काही म्हटले नाही. त्याने आकडा सांगितला, कोणाला द्यायचे ते सांगितले, आणि तेही चारचौघांत सांगितले.

संकल्प मुळातच फोल असतात, ही टीका खरी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संकल्प करणाऱ्यांपैकी 46 टक्के लोक सहा महिन्यांनंतरही यशस्वी होते. बदलायची इच्छा असूनही संकल्प न करणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. स्वीडनमधल्या 2020 सालच्या एका मोठ्या अभ्यासात काहीतरी टाळायचे ठरवणाऱ्यांपेक्षा काहीतरी करायचे ठरवणारे अधिक यशस्वी ठरले: सुमारे 47 टक्क्यांच्या तुलनेत 59 टक्के. या आकड्यांनी प्रेमाची बाजू सिद्ध होत नाही. ते फक्त निश्चयाची ताकद दाखवतात. ती ताकद कोणासाठी वापरायची, हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

हा प्रश्न विचारायचाच राहून गेला तर काय होते, ते जोनाथन एडवर्ड्स यांच्या चरित्रात दिसते. 1722-23 मध्ये, विशीच्या आसपास असताना या अमेरिकी धर्मोपदेशकाने 70 संकल्प लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे ठरवले. देवाच्या मदतीवाचून आपल्याला काहीच जमणार नाही, ही कबुली त्यांनी सुरुवातीलाच दिली होती. इतरांशी कसे वागावे याबद्दलही त्यांत बरेच होते. तरीही 1731 मध्ये याच माणसाने न्यूपोर्टला जाऊन चौदाएक वर्षांची एक गुलाम मुलगी विकत घेतली. 70 संकल्पांच्या यादीत तिच्यासाठी जागा नव्हती. उलट एडवर्ड्स यांच्याच वर्षी, 1703 मध्ये, जन्मलेले मेथडिस्ट चळवळीचे इंग्रज प्रवर्तक जॉन वेस्ली. त्यांनी 1755 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात सुमारे 1,800 लोकांसह करार-उपासना घेतली. तिथे एकेकट्याच्या यादीऐवजी सगळी मंडळी मिळून देवापुढे स्वतःला वाहून घेत होती. पुढे ही उपासना मेथडिस्टांमध्ये नव्या वर्षाशी जोडली गेली. वेस्लींनी 1774 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि 1791 मध्ये मृत्यूला आठवडाही उरला नसताना गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स यांना पत्र लिहून हा लढा सोडू नका म्हणून बळ दिले. मग श्रद्धा असूनही एडवर्ड्स चुकले, तर श्रद्धेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दिले होते: डोंगर हलवणारा विश्वास असला तरी प्रीती नसेल तर माणूस काहीच नाही.

क्षमा मिळणारच म्हटल्यावर माणूस ढिला पडेल, हाही आक्षेप जुनाच आहे. त्याच्या उत्तरासाठी येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पाहावे. तुला कधीच सोडणार नाही, असा शब्द त्याने दिला आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा मोडला. पुनरुत्थानानंतर येशूने त्याच्याकडून नवी शपथ घेतली नाही. तुझी माझ्यावर प्रीती आहे का, एवढेच तीनदा विचारले आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. पेत्राला क्षमेबरोबर जबाबदारी मिळाली, आणि ती त्याने निभावली. संकल्प मोडल्यावर स्वतःची लाज वाटणारा माणूस बहुधा तो विषयच सोडून देतो. क्षमा मिळालेल्याला परत उभे राहण्याचे कारण असते.

खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. आयुष्यभर दुसऱ्यासाठीच राबणाऱ्या बाईला आणखी प्रेम करायला सांगणे हा अन्याय आहे. मला तो पूर्ण मान्य आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितले आहे. त्यात स्वतःला गृहीत धरलेले आहे, पुसलेले नाही. तिने आपल्या तब्येतीचा, झोपेचा, शिकण्याचा संकल्प निर्धास्त करावा. तिच्या घरात जक्कयासारखे उभे राहण्याची पाळी तिच्या कष्टांवर जगणाऱ्यांची आहे.

म्हणून या जानेवारीत, देव मानत असा वा नसा, यादी करायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीवर आपण ज्याचे देणे लागतो अशा एका माणसाचे नाव लिहा: भावाचा दाबून ठेवलेला वाटा, कामवाल्या मावशींची न दिलेली पगारी सुट्टी, मजुराची अडवलेली मजुरी. रक्कम लिहा, तारीख लिहा, घरातल्यांना वाचून दाखवा, आणि महिना संपायच्या आत ती देऊन टाका.