जरा अ‍ॅडजस्ट करा ना!

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसने फ्लोअर बदलला. खिडकीजवळचं माझं डेस्क गेलं आणि नवीन मिळालं ते थेट टॉयलेटच्या दाराशी. बॉस हसत म्हणाला, ‘अरे यार, अ‍ॅडजस्ट कर!’ केलं. पण शब्द टोचला.

त्याच वीकएण्डला मित्राच्या लग्नासाठी नंदुरबारला निघालो. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी, तिघांचा बाक आणि समोर उभे चौथे काका. ‘भाऊ, जरा अ‍ॅडजस्ट करा ना.’ आम्ही तिघंही सरकलो. शब्द तोच, पण या वेळी अजिबात टोचला नाही. का बरं?

परतल्यावर डिक्शनरी उघडली. ‘अ‍ॅडजस्ट’च्या मुळाशी आहे लॅटिन ‘जक्स्टा’, म्हणजे जवळ, शेजारी. जवळ आणणं, एवढाच साधा अर्थ. धक्काबुक्कीवाला ‘जॉसल’सुद्धा याच घराण्यातला. म्हणजे लोकलमधले आपले दोन्ही अनुभव चुलतभाऊच! पुढे फ्रेंचमधून इंग्रजीत येताना लोकांना वाटलं, यात ‘जस्ट’ आहे, म्हणजे न्याय्य. व्युत्पत्ती म्हणून हे चूक. पण चूक मोठी गोड आहे.

कारण न्याय वगळला की काय उरतं, हे नंदुरबारने पाहिलंय. सरदार सरोवरामुळे इथल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यांतलं पहिलं. पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर सिंचनाखालची जमीन द्यायची, असं नर्मदा लवादाने १९७९ मध्येच ठरवलं होतं. तरी त्या हक्कासाठी आदिवासींना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. २०१९ मध्ये धरण काठोकाठ भरलं. नदी, मासे, जंगल यांवर जगलेल्या अनेकांनी तळोद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत नव्याने संसार मांडला.

माझं डेस्क आणि त्यांचं गाव, तुलनाच नाही. पण गाडीतला तो बाक काही केल्या डोक्यातून जात नाही. तिथे सगळेच थोडं थोडं सरकले होते. एकालाच सरकायला लावलं, तर त्याला अ‍ॅडजस्ट करणं नाही, ढकलणं म्हणतात.

सोमवारी बॉसला म्हटलं, ‘दर तीन महिन्यांनी सगळ्यांची डेस्क बदलू या? तुझंही.’

‘बघू,’ म्हणाला. अ‍ॅडजस्ट होतोय बिचारा!