माळवदावर सोलर चढवण्यापूर्वी

गृहिणींनो, पहाटे उठून चुलीवर पाणी तापवायचा जाच सोलरनं सुटतो, हे आता कुणी पटवून द्यायला नको. पण वडगाव निंबाळकरकडे ज्यांच्या डोक्यावर अजून जुनं माळवद आहे, त्यांनी जरा थांबावं.

200 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 200 किलो; टाकी नि लोखंडी घोडा निराळा. घरधनी म्हणतील, चार पोती धान्य आपण वर वाळत घालतोच की! घालता खरं, पण ते पसरलेलं असतं आणि संध्याकाळी खाली येतं. सोलर चार पायांवर वर्षानुवर्षं उभा राहतो. सततच्या भारानं लाकूड हळूहळू वाकतं.

त्यात माळवद मुळातच जड. दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो, जुना कुणी काढत नाही. फूटभर मातीचं ओझं चौरस फुटाला 40 किलोच्या पुढं जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छपरांखाली झोपलेली माणसं गाडली गेली. तेव्हा आधी जादा माती उतरवा. मग कड्यांची भिंतीत गेलेली टोकं टोचून पाहा. वाळवी तिथंच दडलेली असते.

आता मुख्य गोष्ट. नळ न्यायला सुतार कडीला खालून खाच पाडू लागला, तर त्याचा हात धरा. 8 इंच उंचीच्या कडीला 2 इंचाची खाच पाडली, तर त्या ठिकाणी ताकद जवळजवळ निम्मी होते, कारण ताकद उंचीच्या वर्गावर ठरते. नळ भिंतीवरून फिरवा. चार हात नळ जास्त लागेल, लागू द्या.

कडीला जोड द्यायची तर भिंतीपासून तुळईपर्यंत पूर्ण लांबीची द्या आणि बोल्टनं आवळा. मधेच खिळ्यांनी मारलेलं ठिगळ कामाचं नाही. घोडा खणाच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवा. त्याच्या पायांखाली कड्यांना आडव्या दोन जाड तुळया टाका, म्हणजे भार चार-पाच कड्यांवर वाटला जाईल. खरं तर न्हाणीवर स्लॅब असेल तर तीच जागा उत्तम.

टाकी भरण्यापूर्वी कडीच्या दोन्ही टोकांखाली सारखे ठोकळे लावून दोरी ताणा आणि मधलं अंतर मोजा. भरल्यावर ते थोडं कमी होईल. आठ दिवसांनी आणखी कमी भरलं, तर टाकी रिकामी करा आणि तोवर त्या खणात कुणाचं अंथरूण घालू नका.