कर्करुग्णाला आभास हवा की आधार?

रुग्णाच्या डोळ्यांवर एक यंत्र चढवावयाचे आणि रुग्णालयातील खाटेवरच त्याला समुद्रकिनाऱ्याचा वा अरण्याचा अनुभव द्यावयाचा, या तंत्रास ‘आभासी वास्तव’ असे म्हणतात. रसायनोपचार घेणाऱ्या कर्करुग्णांची भीती व खिन्नता त्यामुळे दूर होते, असा प्रचार आता जोरात सुरू आहे. समाजवाद्यांनी तो तपासून घ्यावयास हवा.

तंत्राची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा बर्फाळ दरीचा देखावा उपयोगात आणला. जखमा धुताना रुग्णाचे अवधान बर्फात गुंतले की वेदना कमी जाणवते, हे त्यामागील तत्त्व. कर्करुग्णांवरील प्रयोगांतही चिंता कमी झाल्याचे आढळले आहे. मात्र हे प्रयोग बहुतांशी लहान गटांवरचे आहेत आणि दिलासा प्रामुख्याने यंत्र डोळ्यांवर असेतोवरचा आहे. अर्ध्या तासाचा दिलासाही तुच्छ मानू नये. प्रश्न उरलेल्या साडेतेवीस तासांचा आहे.

१९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करुग्ण येतात. खाटेवरील रुग्णाचे नातेवाईक, आणि खाट मिळेपर्यंत कित्येकदा स्वतः रुग्णही, बाहेरच्या पदपथावर पथारी पसरतात. याचा दोष एका रुग्णालयावर टाकता येणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कर्करोगाचे उपचार न पोचविणाऱ्या नियोजनाचा तो दोष आहे. खाटेवरच्या या माणसाला भीती कशाची वाटते? मरणाची तर वाटतेच. पण बुडालेल्या मजुरीची, गहाण पडलेल्या जमिनीची, शाळा सुटलेल्या मुलीची आणि रात्री असह्य होणाऱ्या वेदनेचीही वाटते. त्याला आपल्या परिस्थितीचे झालेले ते अचूक आकलन आहे. त्यास ‘भावनिक स्वास्थ्याचा अभाव’ असे नाव देऊन यंत्राच्या हवाली करणे म्हणजे समाजाची जबाबदारी रुग्णाच्या मनावर ढकलणे होय.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. वेदनेची कथा याहून लाजिरवाणी आहे. ज्या अफूपासून मॉर्फिन बनते, तिची शेती या देशात सरकारी परवान्याने होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचक अटींमुळे मॉर्फिन रुग्णालयांतून दिसेनासे झाले. २०१४ साली कायदा सुधारला, पण आडगावच्या रुग्णाला ते औषध आजही सहज मिळत नाही. वेदनाशामक औषध न देता वेदनेचा विसर पाडणारे चित्र दाखविणे, याला उपचार म्हणवत नाही.

हे सारे एकाच वेळी व्हावे, असे कोणी म्हणेल. परंतु निधी तुटपुंजा असता ‘आधी काय?’ हा प्रश्न टळत नाही. केरळने त्याचे उत्तर दिले आहे. १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे कार्य आरंभिले. स्वयंसेवकांनी ते घरोघर नेले. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात सामील करून घेतले. परिचारिका रुग्णाच्या घरी जाते आणि शेजारीपाजारी त्या घरची चूल विझू देत नाहीत. भीतीवरचा असा इलाज डोळे झाकून होत नसतो.

यंत्रे अवश्य यावीत. ती सार्वजनिक रुग्णालयांत, विनामूल्य आणि या मूलभूत सोयींच्या जोडीला यावीत. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत. मॉर्फिन उपलब्ध आहे काय? रुग्णाशी बोलण्यासाठी समुपदेशक नेमला आहे काय? रुग्णाचा नातेवाईक रात्री कोठे झोपतो? उत्तरे लेखी मागावीत आणि ती मिळाल्यावाचून तेथून उठू नये.