अपेक्षा कुणाच्या वाढल्या?

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त उघडतात आणि महाराष्ट्रभरच्या मोबाइलवर बायोडाट्यांचा पूर येतो. उंची, रास, नाडी, देवक, मामाचे कूळ, शेती किती, पुण्यात फ्लॅट आहे का. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो पूर यायला जेमतेम पंधरा दिवस उरलेले असतील. त्यात कितीतरी बायोडाटे असे असतात, की जे गेल्या तीन-चार हंगामांत गावोगाव फिरून आलेले असतात. मजकूर तोच, फोटो तोच, फक्त वय दरवर्षी दुरुस्त करावे लागते. मुलगा निर्व्यसनी, चार-पाच एकर पाण्याखाली, घर बांधलेले. तरी मुलगी मिळत नाही. पारावर बसलेल्यांना विचारा, कारण तयार असते: ‘पोरी शिकल्या, त्यांच्या अपेक्षा वाढल्या.’

यंदाचा अंक समाजशास्त्रातल्या सिद्धान्तांवर काढायचा म्हटल्यावर, फराळाच्या ताटाबरोबर हे कोण वाचणार, असे आम्हाला ऐकवले गेले. पण पारावरचे ते वाक्य हाही एक सिद्धान्तच आहे. त्यात कारण आहे, दोषी कोण ते आहे, आणि न बोलता सुचवलेला उपायही आहे: मुलीला फार शिकवू नका, लवकर उजवून टाका. सिद्धान्त नको म्हणणारा माणूस सिद्धान्ताशिवाय जगत नसतो. हाताशी असलेला, न तपासलेला सिद्धान्त तो वापरत असतो. तेव्हा याच एका प्रश्नावर समाजशास्त्रातल्या काही मांडण्या तपासून बघाव्यात असे वाटले.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, वाहिन्यांनी गंमत केली. मात्र त्यांची मागणी गमतीची नव्हती. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवा, असे ते म्हणत होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला फरक दाखवला होता. गावात एकाचेच लग्न राहिले तर त्याच्या स्वभावात, पत्रिकेत कारण शोधावे. आळीच्या आळी बिनलग्नाची राहिली तर पत्रिका मिटून समाजाच्या रचनेकडे बघावे. सोलापूरच्या पोरांनी मिल्स वाचला नसेल, पण बाशिंग बांधून त्यांनी नेमके तेच केले.

त्यांचे निदान कितपत खरे? आकडे बघू. निसर्गाच्या हिशेबाने हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली असाव्यात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होते, २०११ मध्ये ८९४ झाले. बीड जिल्ह्यात ते आठशेच्या आसपास घसरले. गंमत अशी, की गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला. केंद्राचा त्यानंतर सहा वर्षांनी आला. २००१ मध्ये ज्या मुली मोजणीत सापडल्या नाहीत, त्या आज चोवीस ते तिशीच्या असत्या. म्हणजे आजच्या नवरदेवांच्या नवऱ्या. आणि २०११ ची पिढी, जिच्यात मुली त्याहूनही कमी आहेत, ती लग्नाच्या बाजारात आता कुठे पाऊल टाकते आहे.

तरीही राज्याचा म्हणून विचार केला तर हजारी पन्नास-पंचावन्नची तूट, म्हणजे शंभरातले पाच-सहा जण. एखाद्या गावात शेती करणाऱ्या तिशीतल्या निम्म्या पोरांची लग्ने अडली असतील, तर हे गणित तिथे पुरत नाही. त्यात लोकसंख्याशास्त्राची आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. आपल्याकडे नवरा नवरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो. जन्मदर घसरत असेल तर प्रत्येक पुढची पिढी आधीपेक्षा लहान, त्यामुळे मोठ्या पिढीतल्या मुलग्यांना लहान पिढीतल्या मुलींत जोडीदार शोधावा लागतो. महाराष्ट्रात दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.९ होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आले. लोकसंख्या वेगाने वाढत होती तेव्हा हेच गणित उलटे चालत होते: नवरदेव कमी, उपवर मुली जास्त, आणि मुलीच्या बापाचे जोडे झिजत. त्या काळात हुंडा का फुगला याचे स्पष्टीकरण काही अभ्यासकांनी याच उलट्या गणिताने दिले. सगळ्यांना ते पटले नाही, मलाही पुरते पटत नाही. कारण ते खरे असते तर आज हुंडा नाहीसा व्हायला हवा होता. मुली कमी झाल्या आणि तरीही नोकरीवाल्या मुलाचा ‘मानपान’ काही उतरला नाही. तेव्हा निव्वळ संख्येच्या पलीकडे जावे लागते.

तसे जाण्याचा, माझ्या मते सर्वांत तल्लख, प्रयत्न एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये केला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्या निबंधात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले या युरोपीय पंडितांच्या व्याख्या एकेक करून बाजूला ठेवल्या आणि श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या व्याख्येची आदराने दखल घेऊन तिच्यातही दुरुस्ती सुचवली. ज्ञानकोशकार केतकरांचे जातिसंस्थेवरचे इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये अमेरिकेतच निघाले होते. त्याच वर्षी इकडे काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही आपली परंपरा सुरू केली. दिवाळी अंक आणि मराठी माणसाचे समाजशास्त्र ही दोन्ही बाळे एकाच वर्षाची, हे संपादक म्हणून नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

आंबेडकरांची मांडणी अशी. शुद्ध-अशुद्ध, धंदा, रोटीव्यवहार ही सगळी जातीची बाह्य लक्षणे. जातीतच लग्न, हे तिचे मर्म. आता एखाद्या गटाने स्वतःभोवती कुंपण घातले आणि बाहेर लग्न करायचे नाही असे ठरवले, तर त्याला आतल्या आत स्त्री-पुरुषांची संख्या जुळवत राहावी लागते. जोडपे एकाच दिवशी मरत नाही. नवरा आधी गेला तर एक स्त्री ‘जादा’ उरते, बायको आधी गेली तर एक पुरुष. ही जादा माणसे कुंपण ओलांडतील किंवा आतल्याच दुसऱ्याचा जोडीदार घेतील, दोन्ही धोक्याचे. मग जादा स्त्रीला चितेवर घाला, ते जमत नसेल तर केशवपन करून सक्तीचे वैधव्य द्या. जादा पुरुषाला मात्र जाळता येत नाही, तो पुरुष आहे. संन्यासी करावे तर गटाचा संसार आणि कमाई बुडते. त्याच्यासाठी नवरी आणायची कुठून? अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तीन रूढी आपण तोवर तीन वेगळ्या दुष्ट चाली म्हणून मोजत होतो. त्या एकाच यंत्राचे तीन भाग आहेत, हे या निबंधाने दाखवले.

आणि गटांनी कुंपण घातले का? मनूने सांगितले म्हणून, हे उत्तर त्यांनी नाकारले. मनूने आधीच असलेल्या व्यवस्थेला शास्त्राचा शिक्का मारला. पसरण्याचे कारण त्यांनी फ्रान्सच्या गाब्रिएल तार्दकडून घेतले. तार्द मूळचा न्यायाधीश. माणसे वरच्यांचे अनुकरण करतात आणि अंतर जितके कमी तितके अनुकरण दाट, असे त्याचे म्हणणे. वरच्यांनी दार लावले. खालच्यांतल्या काहींनी बघून लावले, काहींना ते बाहेरून लावलेले आढळले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या एम. एन. श्रीनिवासांनी कुर्गी समाजावरच्या १९५२ च्या ग्रंथातून ‘संस्कृतीकरण’, म्हणजे खालच्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणे, ही संकल्पना रूढ केली आणि ती जगभर गेली. तिच्यातला अनुकरणाचा धागा या निबंधात छत्तीस वर्षे आधी होता. आपल्या विद्यापीठांतले अभ्यासक्रम मात्र त्याची आठवण फार उशिरा करू लागले.

शंभर वर्षांहून जुन्या या निबंधातला ‘जादा पुरुष’ आता घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर जातो. तेव्हा तो विधुर होता, आता त्याचे पहिलेच लग्न झालेले नाही, एवढाच फरक. मग सिद्धान्ताने पुढचे भाकीतही करायला हवे: नवरदेव जादा झाले की मुलींचे लग्नाचे वय खाली ओढले जाईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या, स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. बीड आणि परभणीत हा आकडा चाळीसच्या वर होता. ज्या बीडमध्ये मुली सर्वांत कमी, तोच बालविवाह सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक.

इथे लगेच टाळी वाजवू नये. बीड हा ऊसतोडीचा जिल्हा. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणून भाव कमी. लग्न लावले की नवा कोयता उभा राहतो, हातात उचल येते. शिवाय आईबाप दिवाळीनंतर सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती असतेच. ही कारणे मजुरीच्या पद्धतीतून आलेली आहेत, जातीच्या कुंपणातून नव्हेत. आपली मते अंतिम नाहीत, चुकीची ठरल्यास सोडून देऊ, असे त्या निबंधाच्या शेवटी आंबेडकरांनी स्वतःच बजावले होते. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावणारे अनुयायी सिद्धान्ताचे जेवढे नुकसान करतात, तेवढे विरोधकांनाही जमत नाही.

कुंपणाचे म्हणणे मात्र दुसऱ्या बाजूने पक्के होते. देशात जातीबाहेरची लग्ने शंभरात जेमतेम पाच. त्यातही पोटजात, कूळ, देवक. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात मराठी विवाहक्षेत्राचे बारकावे नोंदवले आहेत: मामाची मुलगी चालते, आत्याची करताना नाके मुरडली जातात, एक देवक असले तर सोयरीक नाही, आणि मुलगी वरच्या कुळात द्यावी ही ओढ. या शेवटच्या ओढीचा परिणाम सरळ आहे. प्रत्येक मुलगी एक पायरी वर दिली तर सगळ्यात खालच्या पायरीवरचा मुलगा एकटा राहतो. पायऱ्या तेव्हा कुळाच्या होत्या, आता नोकरीच्या आहेत. ‘शेती पाहिजे, शेतकरी नको’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हणजे मुलींची जागा बदललेली नाही, त्यांच्या बापांची वर बघण्याची सवयही नाही. शेतकऱ्याची पायरी तेवढी खाली गेली, आणि ती कुणी खाली नेली हे बाजारभावाला विचारावे, मुलींना नव्हे.

हरियाणात मुलींचा दुष्काळ आपल्याआधी पडला. तिथे बंगाल, आसाम, केरळातून पैसे मोजून नवऱ्या आणल्या जातात. लोक त्यांना ‘मोलकी’ म्हणतात. त्यांची जात फारशी कुणी खोदून विचारत नाही. आणि त्याच भागात स्वतःच्या मर्जीने जातीबाहेर किंवा गोत्रात लग्न करणाऱ्या जोडप्यांवर पंचायती बसतात, खून पडतात. विकत आणलेली परकी चालते, आपली पोर स्वतःच्या पायांनी गेलेली चालत नाही. कुंपण रक्ताच्या शुद्धतेसाठी आहे की मुलीची निवड आपल्या हातात ठेवण्यासाठी, याचे इतके उघड उत्तर कुठल्या ग्रंथात मिळणार नाही. आपल्याकडेही दलालामार्फत दूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून नवऱ्या आणण्याच्या आणि चार दिवसांत दागिने घेऊन त्या पसार झाल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत.

एवढे सगळे सिद्धान्त झाले, पण ज्यांच्या अपेक्षा वाढल्याची तक्रार आहे त्यांच्या बाजूने कुणी पाहिले का? मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ च्या एका निबंधात बीज आणि क्षेत्र या जुन्या कल्पनेचा छडा लावला. पुरुष बीज देतो, स्त्री ही जमीन. पीक अर्थातच बीजवाल्याचे. या एका रूपकातून मुलांवरचा आणि जमिनीवरचा हक्क बाईच्या हातून कसा निसटतो, हे त्यांनी दाखवले. ज्या बाईला जमीन म्हटले, तिच्या नावावर जमीन नसते: २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. निंदणी-खुरपणी, जनावरे, धारा, चूल हे सगळे करणारी आई मुलीने रोज पाहिलेली असते. ती शेतकरी नवरा नको म्हणते तेव्हा तिने अपेक्षा वाढवलेली नसते. आईच्या आयुष्याचा तिने हिशेब मांडलेला असतो, आणि तो पारावरच्यांच्या हिशेबापेक्षा नेमका आहे.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती. त्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करून दिला. हुंडा-मोर्चे-कायदे या सगळ्या गदारोळात बाईच्या आणि जमिनीच्या नात्याला थेट हात घालणारा तेवढा एकच मोठा प्रयत्न मला आठवतो. तो पुढे का विरला, याची चर्चा या अंकातल्या दोन लेखांत आहे आणि ते दोघे लेखक एकमेकांशी अजिबात सहमत नाहीत. ऊसतोड पट्ट्यातला वृत्तांत आहे, वधू-वर सूचक मंडळांच्या फायलींवरचे एक खुसखुशीत टिपण आहे, आणि आंबेडकरांच्या त्या निबंधाचा सोप्या मराठीत परिचय आहे. यंदा कुणाचा बायोडाटा तुमच्या मोबाइलवर आलाच तर ‘शेती’पुढचा एकरांचा आकडा वाचून थांबू नका, सातबाऱ्यावर मुलाच्या आईचे नाव आहे का, एवढे मुलाकडच्यांना विचारून बघा.